वयनी आणि पाहुण्यांच्या उरलेल्या ट्यूबा

वयनी तिन्हीसांजेला आमच्या मागल्या अंगणातल्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे बुटक्या दगडी बांधावर, बसायची आणि बांगड्या भरायला बसल्यासारखे दोन्ही हात पुढे करायची. डाव्या हाताला डासांचं एक औषध लावलेलं, उजव्याला दुसरं. साडी जराशी वर घेऊन एक पाय मात्र कोरा ठेवलेला, म्हणजे आज डासांना भूक आहे की नाही ते कळावं. मागे केळीच्या बागेतून पाण्याचा पाट जातो, त्यामुळे डासांना वेगळं आमंत्रण द्यावं लागत नाही. यातलं चांगलं कुठलं, असं कुणी विचारलंच तर ती हातांवरची नजर न हलवता म्हणायची, "माका इचारू नको. डासाक इचार."

दोडामार्गजवळ माझं दोन खोल्यांचं होमस्टे आहे. लोक जंगल बघायला येतात, पक्षी, फुलपाखरं, बेडूक वगैरे. निदान तसं सांगून तरी येतात. वयनी आमच्या शेजारची. ती माझ्याकडे पाहुण्यांचं जेवण करायची आणि तिचा नवरा, ज्याला अख्खी वाडी दादा म्हणते, तो पाहुण्यांना रानात फिरवून आणायचा. पाहुणे गेले की खोल्यांमध्ये अर्ध्या ट्यूबा, तळाशी उरलेले स्प्रे, मनगटात घालायचे रबरी पट्टे असं काय काय मागे राहायचं. ते सगळं वयनीच्या पिशवीत जायचं. मला आधी वाटलं, फुकटचं काही बाईला सोडवत नाही. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

तिचे निकाल मात्र ऐकण्यासारखे असत. रबरी पट्ट्यांबद्दल ती म्हणाली, "काकणां बरी आसत. डासांकव आवडली." गवती चहाच्या तेलाचं तिने कौतुक केलं, पण "भात शिजापर्यंत उडान जाता" असा शेराही मारला. अंगणात कॉइल लावणाऱ्या पाहुण्यांकडे बघून ती मान हलवायची. "वारो इलो की धूर शेजाऱ्याक आणि डास आपणाक." एका पाहुणीने ठेवलेल्या उग्र बाटलीने मात्र कमाल केली. संध्याकाळभर त्या हातावर एक डास बसला नाही. पण तोच हात वयनीने चष्म्याला लावला आणि चष्म्याची प्लास्टिकची काडी विरघळून चिकट झाली. "डास गेले, चष्मोव गेलो," एवढंच ती म्हणाली, आणि पुढे कित्येक दिवस त्या काडीला दोरा बांधून फिरली.

ती चुकायचीही. एकदा एक गुलाबी ट्यूब तिला इतकी पसंत पडली की नव्या पाहुण्यांनाही ती तीच सुचवायला लागली. एका बाईंनी ट्यूब हातात घेऊन वाचली तर ते उन्हात लावायचं क्रीम! मग वयनीला आठवलं, त्या संध्याकाळी वारा सुटला होता आणि कोऱ्या पायालाही काही चावलं नव्हतं. मी तिला यावरून भरपूर छळलं. "मगे, डास सुट्टीर गेले तर मी काय करू?" असं म्हणून तीही हसली.

आम्ही हसायचो खरे, पण वयनी हे सगळं कशासाठी करते ते वाडीत कुणापासून लपलेलं नव्हतं.

या सगळ्याच्या आधी दादाला माकडताप झाला होता. आमच्या भागात काजूच्या हंगामात हा ताप येतो. काजूबागेतल्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत, गोचिडी असतात आणि त्या चावल्या की तो होतो. बागेत जायच्या आधी हातापायांना चोळायला आरोग्य खात्याकडून एक तेल मिळतं. दादाने ते कधी लावलं नाही. "आमची कातडी काय पाहुण्यांची आसा?" म्हणायचा. ताप चढला तेव्हा वयनी घाबरून गेली. माकडतापाचं तेल घरात आहे, म्हणजे तेच त्याचं औषध, अशी तिने समजूत करून घेतली. कुणाला न सांगता तिने दादाला डोक्यापासून पायांपर्यंत त्या तेलाने चोळलं, एक दिवस, दुसरा दिवस. ते तेल गोचिडीला लांब ठेवण्यापुरतं. एकदा ताप भरला की त्याचा काडीचा उपयोग नाही. दादा बरळायला लागला तेव्हा कुठे आम्हाला कळलं, आणि आम्ही त्याला गाडीत घालून गोव्याला इस्पितळात नेलं.

दादा वाचला. पण त्या तेलाचा वास आला की त्याला ओकारी यायची. शेजारपाजारची माणसं तेल लावून बागेकडे निघाली की हा उठून आत जायचा. रानात तर त्याने पाऊलच टाकलं नाही. त्याच्या बागेतल्या काजू झाडाखालीच कुजून गेल्या. चार माणसांत बसून गप्पा ठोकणारा माणूस ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसायला लागला, आणि ते बघवत नसे.

"बागेत गेले तर ते पयल्यासारखे होतले," वयनी मला म्हणायची. "माझ्या हातान तो वास तेंच्या आंगात गेलो, भावजी. आता माझ्याच हातान तो वास नसलेला दुसरा कायतरी गावाक व्हया."

एकदा न राहवून मी बोललो. "वयनी, डासाक इचारून गोचिडीचा उत्तर कसा गावतला?" तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि उठून गेली. मी चुकीचं बोललो असं मला अजूनही वाटत नाही, पण त्यानंतर ती गडग्यावर बसली नाही, आणि ते मला आवडलं नाही.

पुढच्या हंगामात काजू पडायला लागल्या. एका सकाळी वयनी कामाला आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेलो. ती पायरीवर बसली होती, अंगात दादाची जुनी फुलपँट, गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली. एका पायाला तिने पाहुणीच्या त्या उग्र बाटलीतलं औषध चोळलं होतं आणि दुसऱ्याला आरोग्य खात्याचं तेल.

"खंय चललंस?"

"पातेऱ्यात. खंयच्या पायार गोचीड चढता तां बघतंय."

माझं डोकंच फिरलं. "येडी झालंस काय? आणि ताप इलो तर?"

"इलो तर इलो. निदान कळात तरी."

मी आणखी काही बोलणार होतो, तेवढ्यात तिच्या मागे दारात दादा दिसला. त्याने नाकावर पंचा धरला होता. माझ्याकडे न बघता तो खाली आला, तिच्यासमोर बसला आणि तिचा पाहुणीच्या औषधाचा पाय पंचाने पुसायला लागला. नाक उघडं पडलं तशी त्याला उबळ आली. तोंड फिरवून तो ओकला, पुन्हा वळला, आरोग्य खात्याच्या तेलाची बाटली उचलली आणि तिच्या पायाला तेल चोळायला लागला.

"दोनय पायांक ह्यांच लावचा. जिवाचो खेळ करतंस?"

"तुमका वास सोसाचो नाय. माका द्या."

त्याने ऐकलं नाही. तिचे पाय झाले, हात झाले. मग तो तिच्या शेजारी पायरीवर बसला, लुंगी वर घेतली आणि आपले पाय पुढे केले.

"आता माका लाव."

वयनीने हात मागे घेतले. "मी नाय लावचंय. तुमीच लावा."

"तूच लाव. तेव्हाय तुझे हात माका बरो करूकच बघी होते."

वयनी रडायला लागली. रडतच तिने तळहातावर तेल घेतलं आणि त्याच्या घोट्यापासून सुरुवात केली. तो डोळे मिटून, दात आवळून बसला होता. मला तिथून निघायला हवं होतं, पण मी डोळे पुसत तिथेच उभा राहिलो. पाहुणे तिकडे न्याहारीसाठी खोळंबले असतील, हे मी साफ विसरून गेलो होतो.

मग ती दोघं घरामागच्या घाटीने बागेकडे चढायला लागली. ती पुढे, तो मागे. कुंपणाशी येऊन तो थांबला. ती आत शिरली, आणि तिच्या पावलांखाली पातेरा वाजला. बराच वेळ तिच्या एकटीच्याच पावलांचा आवाज येत राहिला. मग त्यात दुसरा आवाज मिसळला, जड आणि सावकाश.