उजव्या हाताची फाइल

अमरावतीत कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्याचे संगणक आणि नेटवर्क मी पाहतो. कारखाना दोन बहीणभावांचा. भाऊ अमरावतीत बसून अवयव घडवतात, आणि ताई अकोल्याला, सरकारी दवाखान्याजवळच्या दोन खोल्यांत, पेशंटची मापं घेतात. पूर्वी मापं प्लास्टरच्या साच्यात घेत. आता दोन्हीकडे हातात धरायचा स्कॅनर आहे. तो पायाभोवती किंवा हाताभोवती फिरवला की त्याचा आकार संगणकात उतरतो. हे सगळे स्कॅन अमरावतीच्या सर्व्हरवर राहत, आणि त्यांची एक प्रत आपोआप अकोल्याच्या संगणकावर जात असे. इकडे काही बदललं की तिकडेही तसंच बदलायचं. सोय म्हणून ती व्यवस्था फार चांगली होती.

सर्व्हर जुना झाला होता. भाऊंनी नवा घेतला आणि सगळं त्यावर हलवायचं काम मला दिलं. रविवार ठरला, कारण त्या दिवशी दोन्हीकडे सुट्टी. सुरू करण्याआधी मी बॅकअपचं विचारलं. आधी काम पाहणारा माणूस पुण्याला नोकरीला गेला होता, पण जाण्यापूर्वी त्यानं वेगळ्या डिस्कवर बॅकअप लावून दिला होता. पडद्यावर हिरवी खूण दिसत होती. मी त्यातल्या काही फाइली उघडून पाहिल्या, त्या उघडल्या.

जुन्या सर्व्हरची डिस्क काढून मी नव्याला जोडली, अकोल्याच्या संगणकानं त्याला ओळखावं म्हणून नव्याला जुन्याचंच नाव दिलं आणि कॉपी सुरू केली. दुपारपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग पडद्यावरची पट्टी मध्येच थांबली. डिस्कमधून टक-टक असा आवाज यायला लागला. डिस्क मरायला टेकली की असा आवाज येतो. मी सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. केबल बदलली. डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाहिली. ती कुठेच दिसेना.

भाऊ बाजूच्या स्टुलावर बसून एका गुडघ्याच्या सांध्याचे स्क्रू घट्ट करत होते. त्यांनी एवढंच विचारलं की किती आलं. अर्धं आलं, असं मी सांगितलं. मग बॅकअपची डिस्क काढली, तेव्हा कळलं की ती होळीच्या सुमारास भरून गेली होती. त्यानंतरचं तिच्यावर काहीच उतरलं नव्हतं. हिरवी खूण मात्र रोज येत राहिली.

तरी मी घाबरलो नव्हतो, कारण अकोल्याची प्रत होती. तिथला संगणक रविवारी बंद असतो. सोमवारी सकाळी जायचं, आधी नेटवर्कची केबल काढायची, मगच संगणक सुरू करायचा आणि सगळं उचलून आणायचं. फक्त तोवर त्याला कोणी हात लावू नये, एवढं सांगायला भाऊंनी ताईंना फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला.

“मी तर सेंटरवरच हाय,” ताई म्हणाल्या. “एक आजोबा आले होते पायाच्या मापाले. पोराले आजच सुट्टी होती म्हणून आले बिचारे. आताच गेले.”

“संगणक सुरू आहे?”

“हो ना. दुपारपासून सुरू हाय.”

मी त्यांना मागची निळी केबल उपटायला सांगितली. त्यांनी काही न विचारता उपटली. मग स्कॅनचं फोल्डर उघडून शेवटपर्यंत जायला सांगितलं. फोनवर माऊस फिरवल्याचा आवाज येत होता.

“लवकर संपलं हो हे,” त्या म्हणाल्या. “पहिले तर किती वेळ सरकवत राहा लागे.”

इकडे अर्धंच आहे हे पाहून अकोल्याच्या संगणकानं स्वतःकडचं उरलेलं अर्धं पुसून टाकलं होतं. त्याला नेमून दिलेलं काम त्यानं चोख केलं होतं.

सोमवारी बडनेऱ्याहून गाडी धरून मी अकोल्याला गेलो. पुसलेल्या फाइली पुष्कळदा परत मिळतात, त्या आशेवर. पण त्या संगणकातली डिस्क नव्या जातीची होती. पुसलं म्हटलं की ती खरोखरच पुसून टाकते. दिवसभर बसून जे काही हाती लागलं त्यात एक पाऊल होतं, टाचेपाशी चिरलेलं, आणि बाकी नुसते विस्कटलेले त्रिकोण. ताई पेशंटना फोन करून पुन्हा माप द्यायला बोलावत होत्या. परतवाड्याच्या पलीकडून येणाऱ्या माणसांना पुन्हा एक दिवस मोडून या, हे सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा. माझ्याकडे त्यांनी एकदाही रागानं पाहिलं नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पायांची, गुडघ्यांची मापं पुन्हा घेता येतात. एक माप मात्र घेता येणार नव्हतं. वलगावच्या एका बाईंच्या उजव्या हाताला गाठ झाली होती आणि हात मनगटापासून काढावा लागणार होता. ऑपरेशनच्या आधी त्या अमरावतीला येऊन हात स्कॅन करून गेल्या होत्या, म्हणजे पुढे बनवायचा हात त्यांच्याच हातासारखा दिसेल. आता जखम भरली होती आणि हात बनवायला घ्यायचा होता. ती फाइल होळीनंतरची होती, आणि गेलेल्या अर्ध्यात होती.

बंद पडलेली डिस्क मी पुण्याला, अशा डिस्क उघडणाऱ्यांकडे पाठवली. त्यांचा निरोप आला की आतली चकती घासली गेली आहे, काही वाचता येत नाही. तेव्हा भाऊंनी बाईंना बोलावून घेतलं. मीही जाऊन बसलो. काय झालं ते मीच सांगायला हवं, असं मला वाटत होतं.

बाई नवऱ्याबरोबर आल्या. घरची फुलशेती, गजरे आणि हार करून विकायचा धंदा. मी सर्व्हरचं सांगू लागलो. त्या ऐकत होत्या, पण माझे शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत हे मला दिसत होतं. शेवटी मी म्हणालो, तुमच्या हाताचा स्कॅन गेला.

“गेला म्हंजे?” त्यांनी विचारलं. “मी त टीव्हीवर पायला होता तुमच्या. गोल गोल फिरून रायला होता.”

“तोच पुसला गेला, बाई.”

नवऱ्यानं खिशातून मोबाइल काढून लग्नकार्यातले फोटो दाखवायला सुरुवात केली. एकात ताट धरलेला हात होता, एकात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवलेला. भाऊंनी प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला आणि हळूच सांगितलं की यावरून आकार निघत नाही. मग त्यांनी उपाय सांगितला. डाव्या हाताचा स्कॅन घ्यायचा आणि संगणकात आरशासारखा उलटा करायचा, की उजवा तयार होतो. पुष्कळांचे असेच करतात. फारसा फरक कळत नाही.

डावा हात टेबलावर ठेवून बाई बसल्या आणि स्कॅनर फिरला. उलटा केलेला हात पडद्यावर आला तेव्हा त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“इथं खाच होती,” त्या म्हणाल्या. “दोऱ्यानं पडलेली. लहानपणापासून गजरे करून रायले न मी.”

भाऊ लगेच म्हणाले की तेवढं हातानं कोरून देता येईल, फक्त नेमकं कुठे ते सांगा. बाईंनी पडद्यावर पहिल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर बोट ठेवलं. मग थोडं वर नेलं. मग म्हणाल्या की आडवी नव्हती, जराशी तिरपी होती. कोणत्या बाजूनं तिरपी, असं भाऊंनी विचारलं. त्यांनी डोळे मिटून दोरा ओढल्यासारखा डावा हात हवेत ओढला. दुसरा हात तिथे नव्हता. त्यांनी डोळे उघडून नवऱ्याकडे पाहिलं. त्यालाही सांगता येईना.

“मलेच आठवत नाई बराबर,” त्या म्हणाल्या. “राहू द्या. साधाच करा.”

मी तिथेच, त्या नव्या सर्व्हरच्या बाजूला बसलो होतो. त्याचा पंखा अगदी शांत चालत होता.

हात बनला, चांगला बनला. रंगही जुळला. मध्यंतरी मी बाजारात फुलं घ्यायला थांबलो तर त्या दुकानावर होत्या. हात घातलेला नव्हता. गजरे आता सून करते, म्हणाल्या. हात लग्नाकार्याला घालतात, दुकानावर आणला तर पाण्यानं खराब होईल अशी भीती वाटते. मी शेवंती मागितली. त्यांनी डाव्या हातानं ती कागदात गुंडाळली आणि पुडी हनुवटीखाली धरून दोरा बांधू लागल्या. मी मदतीला हात पुढे केला.

“बांधते न मी, भाऊ,” त्या म्हणाल्या.

मी हात मागे घेतला आणि त्यांची गाठ पक्की होईपर्यंत उभा राहिलो.