नानांची बंद खिडकी

नाना गेल्याचं मला पहिल्यांदा कळलं ते एका सरकारी खात्याच्या श्रद्धांजलीवरून. मोबाइलवर नानांचा फोटो, खाली ‘प्रशासनाचे जिव्हाळ्याचे कलावंत’. मी हसलोच. वाटलं, हा नानांचाच नवा उद्योग. म्हणून धरणगावला फोन लावला, तर नानांच्या पत्नी अक्का रडत होत्या...

नाना पाट्या रंगवायचे. निम्म्या तालुक्यातल्या कचेऱ्यांवरचं ‘सुस्वागतम्’ त्यांच्याच हातचं. त्यामुळे जळगावच्या एका कचेरीनं सेवा सप्ताहात ‘काहीतरी कलात्मक’ मागितलं, तेव्हा त्यांनी मला मदतीला घेऊन आवारात लाकडी आडोसा उभारून त्यात एक खिडकी बसवली. वर ठळक अक्षरांत ‘आपल्यासाठी सदैव तत्पर’. खिडकीची झडप खिळे ठोकून बंद. झडपेच्या धुरकट काचेमागे दिवा, खुर्चीच्या पाठीला कोट आणि कोटावर पंख्याचा वारा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, साहेब आत कामात गढलेत.

लोकांना तसंच वाटलं. दुपारपर्यंत खिडकीसमोर चपलांची रांग लागली आणि चपलांचे मालक लिंबाच्या सावलीत जाऊन बसले. नाना ओशाळले. शिंदखेड्याच्या एका आबांना म्हणाले, “आबा, ही खोटी शे.” आबा उसळले, “खोटी कशी? मझार माणूस हाली ऱ्हायना ना!” पंख्यानं हलणारा कोट त्यांना आतला साहेब वाटत होता.

आता वरून ताशेरे येणार, असं मी धरून चाललो होतो. झालं उलटंच. मोठे साहेब पोट धरून हसले, खिडकीसमोर फोटो काढून घेतले, नानांना शाल-नारळ दिला. मला तिथंच काहीतरी काळंबेरं वाटलं. परतीच्या एसटीत नाना मांडीवरच्या शालीची घडी मोडत बसले होते. मग म्हणाले, “त्यास्ले राग येवाले पाहिजे व्हता, भाऊ. हसनात म्हणजे काहीच लागनं नही.” साहेब हसले, म्हणजे टोला लागलाच नव्हता; तो माणूस इतका खचलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

तेराव्यानंतर त्याच कचेरीतले दोघं गाडी घेऊन आले. सप्ताहानंतर नानांनी घरी आणून ठेवलेली ती खिडकी त्यांना नव्या इमारतीच्या दर्शनी भागात ठेवायची होती, खाली नानांचं नाव कोरायचं होतं.  एकदा ती तिथं शोभेला बसली, की नानांचा टोला कायमचा बोथट होणार. पण अक्कांना नावाचं अप्रूप. जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवली त्यांच्या माणसानं. त्या हो म्हणतील याची मला जवळजवळ खात्री होती.

अक्कांनी एवढंच विचारलं, “तठे ती उघडशात का?”

“अहो अक्का, ती नुसती बघायची,” त्यांतला एक म्हणाला.

“बंदच ठेवानी शे तं मना घरमा ऱ्हाऊ द्या.”

चहा पिऊन ते गेले. पुन्हा येतील, असा मला अजून संशय आहे.

परवा मी गेलो, तर मागच्या खोलीतल्या त्या खिडकीचे खिळे उपटलेले, झडप सताड उघडी. आत नानांच्या खुर्चीवर बसून अक्का मेथी निवडत होत्या. नानांना हे रुचलं असतं का, मला शंकाच आहे. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“बोला भाऊ, काय काम शे?”

“नाना पाहिजे होते,” मी म्हणालो.

त्यांनी मेथी बाजूला सारली. म्हणाल्या, “माले बी.”