पाठ केलेलं नेतृत्व

कॉलेजातल्या मुलामुलींना सैन्यात अधिकारी करण्याचा उद्योग मी लातुरात बरीच वर्षं करतो आहे, आणि खरं सांगायचं तर आता पुरता वैतागलो आहे. धावायला सांगा, आमची पोरं ऊर फुटेस्तोवर धावतात. लेखी परीक्षा तर त्यांच्या हातचा मळ. गाडी अडते ती मुलाखतीच्या फेरीत. तिथं एक धूसर चित्र दाखवून त्यावर झटपट गोष्ट लिहायला लावतात. लिहिणारा माणूस कसा आहे, हे त्या गोष्टीवरून जोखतात.

पण लातूरच्या पोराला पाठ करू नको, हे सांगायचं कसं? पाठांतरावर इथं डॉक्टर होतात, इंजिनिअर होतात, मग अधिकारी का होणार नाहीत, असा यांचा सरळ हिशेब. चित्रात काहीही असो, नायक रक्तदान शिबिर भरवतो. म्हातारा खाटेवर पडलाय, रक्तदान शिबिर. बाई खिडकीत उभी आहे, रक्तदान शिबिर. एकदा मी मुद्दाम रिकाम्या होडीचं चित्र दाखवलं, तर एका पठ्ठ्यानं होडीतून रक्तदाते आणले. मी खडू फेकला आणि वर्गाबाहेर जाऊन उभा राहिलो.

त्या वर्गात रेणापूरकडची एक मुलगी होती. बोलायला कमी, कामाला वाघ. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती, आणि घरच्यांनीही लग्नाचं तेवढ्यापुरतंच लांबणीवर टाकलं होतं. मध्येच ती एका रविवारी आली नाही. पुढच्या वेळी मी कारण विचारलं.

"गावातली डीपी जळाली होती, सर."

"मग? ट्रान्सफॉर्मर तू दुरुस्त करायला बसलीस की काय?"

"न्हाई. सायब लोक येईनात, अन् नळाचं पाणी बंद. मग बाया गोळा केल्या, टेम्पो ठरवला, जळालेली डीपी त्यात घातली अन् वीज हापिसासमोर जाऊन बसलो. दुसरी दिल्याबिगर उठायचं न्हाई म्हणलं. दिली."

"टेम्पो कुणी ठरवला?"

"मीच."

"अन् बायांना कोण घेऊन गेलं?"

"मीच की."

मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. म्हटलं, "बाई, हेच सांग तिथं. हेच लिही."

ती हसली. "हे काय सांगायचं, सर? हे तर करावंच लागतंय."

त्यानंतर मुलाखतीच्या सरावात मी तिला दर वेळी ते सांगायला लावलं. ती मान डोलवायची, दोन वाक्यं बोलायची आणि गप्प व्हायची. पालथ्या घड्यावर पाणी.

मुलाखत भोपाळला होती; निकाल लागला त्या दिवशी तिनं तिथल्या स्टेशनवरून फोन केला. निवड झाली नव्हती. मुलाखतीत काय विचारलं, म्हणून मी खोदायला लागलो.

"चार माणसं सोबत घेऊन कधी काही केलं का, असं विचारलं."

"मग डीपीचं सांगितलंस ना?"

"न्हाई, सर."

"अगं, का?"

"बाया समद्याच आल्या होत्या. डीपी काय मी एकटीनं उचलली? मी केलं म्हणून कसं सांगू? खोटं बोलल्यावानी होतंय."

"मग सांगितलंस तरी काय?"

"रक्तदान शिबिर."

माझं डोकंच फिरलं. राग इतका आला, आणि तो काढावा कुणावर तेही कळेना. "ते कधी भरवलंस तू?"

"न्हाई भरवलं." मलाच समजावल्यासारखं ती म्हणाली, "पर ते खोटं न्हाई की, सर. ते उत्तर हाय."

गाडी लागली म्हणून तिनं फोन ठेवला. येत्या रविवारी तिला बघायला पाहुणे यायचे होते.