कोमट पाणी आणि नेलकटर

वाशीत आम्ही नवीन राहायला आलो होतो, तेव्हाची गोष्ट. नर्सिंगमध्ये संशोधन करणारी एक बाई घरी आली. घरोघरी म्हाताऱ्यांची काळजी कशी घेतात, हा तिचा विषय. तिनं आधी सासूबाईंचे हात कोमट पाण्यात बुडवले, मग मांडीवर पंचा पसरून एकेक नख कापत हळूहळू प्रश्न विचारले. मला कायम "काही नको" म्हणणाऱ्या सासूबाई तिला म्हणाल्या, "तांदूळ तरी निवडायला देत जा म्हणावं हिला."

मी बघतच राहिले. ती हसली. "हात हातात असला ना, की माणूस खरं बोलतं."

परवा तशीच एक मुलगी चौकशीला आली. "काही त्रास, आजी?"

"काही नाही," म्हणत मी नकळत हात पुढे केला.

तिनं त्यात सहीसाठी पेन ठेवलं.