पहिली नळी

हाडांच्या दवाखान्यात रक्त काढायच्या खोलीत ताई एकवीस वर्षं लोकांच्या दंडाला रबर बांधत आल्या. आता त्यांना चेहरे आठवत नसत, शिरा आठवत.

शुक्रवार धातूवाल्यांचा. ज्यांच्या खुब्यात धातूची वाटी आणि धातूचाच गोळा बसवलाय, ती मंडळी वर्षातून एकदा येत. दोन्ही एकमेकांवर घासून झिजतात, गंजतात, आणि तो धातू रक्तात उतरतो. किती उतरला ते मोजायचं. सुईही पोलादाचीच, तिचा अंश पहिल्या नळीत उतरू शकतो, म्हणून त्या नळीतलं रक्त टाकून द्यायचं आणि दुसरी नळी तपासणीला पाठवायची. पेशंटांना ही उधळपट्टी वाटे, आणि ताईंना समजावून सांगायचा कंटाळा.

पोस्टमनकाका या धातूवाल्यांतलेच; निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी बिरूद सुटलं नव्हतं. यंदा त्यांचा आकडा तिपटीनं चढला. एमआरआयमध्ये धातूमुळे सगळं धुरकट दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी आकड्यावर भिस्त ठेवून खुबा बदलायचं ठरवलं. काकांनी सही करायला साफ नकार दिला. दुखत नाही, खुपत नाही, कशाला उघडायचं?

रिपोर्ट फाइलला लावताना ताईंचा हात थबकला. काकांचं रक्त काढलं त्या शुक्रवारी रांग जिन्यापर्यंत गेली होती. काकांची शीर दोनदा निसटली, तिसऱ्यांदा जेमतेम एक नळी भरली. तीच त्यांनी पाठवली होती. म्हाताऱ्याची दया आली, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. खरं म्हणजे जीव नुसता विटला होता.

सकाळी डबा भरताना त्यांनी नवऱ्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, कुणी विचारलंय का? मग उगाच कशाला ओढवून घेतेस, एका नळीनं काय आभाळ कोसळतंय. कोसळलंच तर काकांच्या खुब्यावर कोसळेल, असं मनात म्हणत ताईंनी डब्याचं झाकण लावलं.

दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांना रागवायचंही जिवावर आलं होतं. लेखी द्या म्हणाले.

काकांना परत बोलावलं.

"पुन्हा? पिता की काय तुम्ही रक्त?"

"मागच्या वेळी माझी चूक झाली, काका. टाकायची नळी मी पाठवली."

"म्हणजे तो आकडा तुमच्या सुईचा?"

"असेल. नसेलही."

त्यांनी बाही वर केली. "मग नीट काढा. हवं तितकं टोचा."

बारा दिवसांनी आकडा आला. जवळजवळ तोच. झीज खरी होती. ताईंच्या चुकीनं काहीच बिघडवलं नव्हतं. मेमो मात्र मिळाला, आणि त्यात 'परिणाम' या रकान्यात 'निरंक' लिहिलं होतं.

काका आले तेव्हा ताईंनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले आणि बोलणी खायची तयारी केली. काकांनी चष्मा लावून आकडे वाचले आणि संमतीपत्र मागितलं.

"पहिल्या कागदावर माझा विश्वास नव्हता," ते म्हणाले. "या वेळी काही चुकलं का?"

"नाही."

"चुकलं असतं तर सांगितलं असतंत. झालं तर मग."

सही त्यांनी उभ्याउभ्याच केली, कुणालाही वाचता येणार नाही अशी. ताईंनी कागद शस्त्रक्रियेच्या ढिगावर ठेवला आणि पुढचा नंबर पुकारला.