रिठ्याचा फेस आणि म्हातारीचे हात

काष्टी गावात आमचं धुण्या-इस्त्रीचं दुकान हाय. गिऱ्हाईक कपडे घेऊन जातं, पन किस्से आमच्याकडंच पडून ऱ्हातात.

धुण्याच्या पावडरीनं माझ्या म्हातारीचे, म्हंजी बायकोचे, हात पार फाटले. भेगांतून रक्त यायचं. डॉक्टर म्हनला, "पावडर बंद, न्हाईतर धुनं बंद."

धुनं बंद करून खायचं काय, तुजा स्टेथोस्कोप?

*

पोरानं मोबाईलवरून रिठे मागवले. पाकिटावर गोऱ्या बाईचा फोटो! माझ्या आजीनं जन्मभर रिठ्यानंच लुगडी धुतली, तिचा फोटो कुनी छापला न्हाई.

शहाण्यानं रिठे बियांसकट मिक्सरला लावले. पातं तुटलं.

म्हनतो कसा, "बिया काढायच्या असं पाकिटावर लिवलेलंच न्हाई!"

*

मग सून म्हनली, "मामा, राखेचं पानी वापरू." ठीक. पन राख आनली कुठनं? शेजारच्या लोहाराच्या भट्टीतनं, दगडी कोळशाची! चुलीतली लाकडाची राख येगळी, ही येगळी, एवढं बी कळंना.

मास्तरांचं पांढरंफेक धोतर उंदराच्या रंगाचं झालं. मास्तर शांतपने म्हनले, "हे नेसून मी माझ्याच दहाव्याला बसू का?"

*

बचत गटाच्या मॅडमनी लिंबाच्या साली, गूळ, पानी बाटलीत भरून दिलं, सडवून धुन्याला वापरायला. "रोज झाकन सैल करा, गॅस होतो." आमी दोन दिवस पाव्हन्यांकडं गेलो. बाटली फुटली ती थेट इस्त्री केलेल्या ढिगावर!

रफिकभाई टेलरनं आपला पायजमा हुंगला. "चाचा, धुतला का लोनचं घातलं?"

मी त्यालाच शिव्या घातल्या. दुसऱ्या कुनाला घालनार?

*

शेवटी मीच बसलो. रिठे फोडले, बिया काढल्या, उकळले. कपडा स्वच्छ निघाला, फक्त जरा पिवळट. म्हातारीच्या भेगा मिटायला लागल्या.

तेवढ्यात आमचे पुढारी सदरा घेऊन तनतनत आले. "बाबा, ही खादी हाय का हळदीचं फडकं? दुपारी स्टेजवर जायचंय मला! मारा पावडर!"

माझं टाळकंच सरकलं. म्हातारीचा हात धरून त्यांच्या नाकापुढं नेला. मग घमेलं आपटलं, पावडरीचा पुडा आपटला. "घ्या. तुमीच धुवा!"

चौकातली मानसं जमली. पुढाऱ्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, बाह्या सारल्या आन बसला की हो उकिडवा!

म्हातारी पायरीवर टेकली. बोट दावून म्हनली,

"कॉलर ऱ्हायली, साहेब."