कायदा लागू होईपर्यंत

तो तपास अजून माझ्या मनातून गेलेला नाही. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार नुकताच झाला होता आणि परभणी जिल्ह्यात बंदोबस्त करून आम्ही कावून गेलो होतो. अशात पोखर्णीकडच्या एका गावचा शेतकरी ठाण्यात आला. लग्न तोंडावर असताना त्याची धाकटी बहीण नाहीशी झाली होती. दलित वस्तीतल्या एका पदवीधर तरुणाने तिला पळवले, असा त्याचा आरोप होता.

तरुणाला चौकशीसाठी आणले. ठाण्याबाहेर लोक जमू लागले. आता एक चुकीचा शब्द गेला तरी वस्ती पेटेल, ही धास्ती मला बसू देत नव्हती.

"तिला शेवटचं कुठं भेटलास?"

"गिरणीवर, सायब. मी पेपर वाचायलो होतो. पोरींनाबी वडिलोपार्जित जमिनीत वाटा मिळणार, पण आधी लगीन झालेल्यांना न्हाई, अशी बातमी होती. तिनं ती परत वाचायला लावली."

त्याला ठाण्यातच सुरक्षित बसवून मी मुलीच्या घरी गेलो. मुलगी बेपत्ता झाली की आई पोलिसांचे पाय धरते, हा माझा अनुभव. ही बाई ज्वारी निवडत होती. तक्रार घेऊन आलेल्या तिच्या मुलाला मी हवालदाराबरोबर बाहेर पाठवले.

"आई, कुठं आहे ती?"

"त्या पोराला सोडता का?"

"मुलगी दिसली की लगेच."

"थोरलीकडं हाय, येलदरीला. म्याच धाडली."

येलदरीत मुलगी स्वतःच जीपजवळ आली. ती सज्ञान होती. जबाबात म्हणाली, "मला कुणी पळवलं न्हाई. लगीन करीन, पण कायदा लागू झाल्यावर. दादानं त्याच्या आधीच उरकायची घाई लावली."

थोरली दारात उभी होती. "माझं लगीन आधीच झालंय, मला वाटा न्हाई, ठाव हाय," ती म्हणाली. "हिला तरी मिळू द्या."

ठाण्याच्या पायरीवर उभे राहून मुलीने तेच जमावाला सांगितले. लोक गुपचूप पांगले. तरुणाची माफी कुणी मागितली नाही. भाऊ मात्र अडून बसला. "वाटा माझा जायलाय सायब. गुन्हा कुणावर दाखल करू?"

"कुणावरच नाही," मी म्हणालो.

कलमे आम्हाला पाठ असतात. पण एका कलमाने सख्ख्या बहिणी अशा दोन बाजूंना उभ्या राहतात, हे मला त्या दारात कळले. पुढे बऱ्याच वर्षांनी कायद्यातली लग्नाची अट गेली, आधी लग्न झालेल्यांनाही वाटा मिळू लागला. तेव्हा मी निवृत्त होतो. येलदरीच्या त्या थोरल्या बहिणीला हे कुणी सांगितले असेल का, या विचाराने मला दिवसभर चैन पडली नाही.